चौथी मूठ

१४ जुलै २०२५

चि. रुपा हिस,

अनेक आशीर्वाद. आधी 'चि. सौ.' लिहिलं आणि मग खोडलं, ते तुला वरती दिसेलच. हाताची जुनी सवय. दुसरा कागद घेणार होते, पण वहीचं पान फुकट कशाला घालवायचं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून सातवी पास बाई पेन घेऊन बसली आहे. चुका काढू नको. आपल्या शेजारच्या सुगंधाबाईंचा वीरसिंग नवापूरला नोकरीला लागला, आठवड्यातून एक-दोनदा घरी येतो. जाताना खांडबाऱ्याला उतरून हे पत्र तुझ्या माहेरी देईल.

कामाचं लिहिते. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी, म्हणजे तीन ऑगस्टला, कानबाई बसेल. गेल्या श्रावणात माझ्या भूपेंद्रला जाऊन वर्ष झालेलं नव्हतं, घरात दुखवटा होता, म्हणून रोट झाले नाहीत. यंदाही झाले नाहीत तर देवीचा नारळ आपल्या घरातून उचलून भाऊबंदांकडे नेतील. इंद्रसिंग आबा टपूनच बसले आहेत. नानांचे चुलतभाऊ असले तरी वयानं थोरले, त्यांच्यापुढे कोण बोलणार.

रोटांचा नियम तुला नव्यानं सांगायला नको, पण रागात माणूस सगळं विसरतं म्हणून लिहिते. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू. एकेकाचं नाव घेऊन मापट्यात टाकायचे, घरच्या जात्यावर दळायचे आणि त्याच पिठाचे मांडे देवीला दाखवायचे. ज्याच्या नावाची मूठ, त्यानं ते खायलाच हवेत. आता आपल्या घरात पुरुष किती? एक नाना. तुझे सासरे दीड वर्षापासून अर्धांगानं खाटेवर आहेत, उजवी बाजू गेली आहे, पण श्वास चालू तोवर मूठ चालू. दुसरा तुझा भाग्येश. सहा वर्षांचा असला तरी पुरुष तो पुरुष. त्याला पाठव.

मी तयारीला लागले आहे. जात्याला टाकी लावून घेतली, आता रवा सरसर पडतो. माळ्यावरून खापर उतरवलं. माझ्या सासूच्या वेळचं, पालथं घातलं की अजून अख्खी चूल झाकून टाकतं. कडेला एक चीर आहे ती होती तेवढीच आहे. लाकडी काथवट उन्हात ठेवली. पितळी पुरणयंत्र चिंचेनं घासून लख्ख केलं, पण त्याची बारीक जाळी सापडत नाही. तू कुठं ठेवली होतीस? डाळ पाट्यावर वाटायची ताकद आता माझ्यात नाही.

मांडा झेलायचीही नाही, खरं सांगायचं तर. उजवा खांदा वर जात नाही. तुला यायचंच असेल तर एक दिवस येऊन जा. नाही आलीस तरी माझं अडणार नाही, सुगंधाबाई आहेत.

आणि हो, या वेळी गहू मी मोजणार आहे. तुला मुठीला हात लावायची वेळ येणार नाही, त्याची काळजी करू नको.

दगूबाई


२१ जुलै २०२५

चि. रुपा हिस,

आशीर्वाद. वीरसिंग म्हणाला, पत्र तू स्वतःच्या हातानं घेतलंस आणि दार लावून घेतलंस. पाणीसुद्धा विचारलं नाहीस त्याला. बरं. आठवडा झाला, उत्तर नाही.

मी गहू निवडून ठेवले. भिजवून, फडक्यात बांधून, दळून, वस्त्रगाळ करून पाहिलं थोडं. पीठ मळलं आणि काथवटीत आपटायला घेतलं. तार येईपर्यंत आपटायचं असं मीच तुला शिकवलं होतं. वीस वेळा आपटल्यावर खांद्यातून कळ आली आणि गोळा तिथंच टाकून बसले. नाना खाटेवरून बघत होते. त्यांच्या डाव्या डोळ्याला पाणी आलं, पण ते हल्ली कशानंही येतं.

तुला आठवतं का, तुझा पहिला आखाजीचा सण. खांडबाऱ्याकडची पोर, खापर कधी पाहिलेलं नाही. पुरणाचा उंडा भरलास, दोन्ही हातांवर खेळवलास, कोपरापर्यंत लोंबायला लागला आणि तू घाबरून हात काढून घेतलास. अख्खा मांडा राखेत. भूपेंद्र हसला म्हणून तू त्याला भिजल्या हातानं मारलंस. मी तेव्हा रागावले होते. दोन वर्षांत तुझा मांडा माझ्यापेक्षा पातळ उतरायला लागला, खापरावर टाकलास की आतलं पुरण दिसायचं. गल्लीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, दगूबाई, सून पुढं गेली. मी हसायचे. मनात काय व्हायचं ते आज लिहून काय उपयोग.

तेराव्याला माझ्या तोंडून जे गेलं ते गेलं. वीस महिने झाले. किती दिवस धरून बसायचं? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं तुझं झालं आहे. मी खोटं बोलले नव्हते. त्या वर्षी कानबाईचे गहू मोजताना मी जे पाहिलं तेच सगळ्यांपुढं बोलले. तुला वाईट वाटलं ते कळतं मला, मी काही दगड नाही. पण लेकराला घेऊन निघून जायचं, आजोबांना तोंड दाखवायचं नाही, ही कुठली रीत?

भाग्येशला पाठव. तुझ्या पाया पडते असं लिहिणार नाही, सासू आहे तुझी. पण पाठव.

आई


२५ जुलै २०२५

रुपा,

आत्ता प्रमिलाबाईंचा फोन येऊन गेला. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

तुझ्या आईचं आणि माझं लग्नानंतर कधी पटलं नाही हे तू जाणतेस. आज त्या रडत होत्या. "याहीन, तुमनी चिठ्ठी उनी तवयपाईन पोर जेवत नही," म्हणाल्या. चहा आणि पाण्यावर आहेस. त्याआधीही गव्हाच्या पिठाला हात लावत नव्हतीस, भाकरी तेवढी खायचीस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वीस महिने तू पीठ मळलं नाहीस? तू?

आणि भाग्येशला जवळ येऊ देत नाहीस. तो गळ्यात पडायला आला की दोन्ही हात पाठीमागे घेतेस. "मन्हा हातले पाप शे," म्हणतेस. त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून पिशवी भरून ठेवली आहेस. गुरुवारी वीरसिंगच्या हाती त्याला इकडे तळोद्याला पाठवणार आणि आईला म्हणालीस, "पोऱ्याले तठे पोचाडा आनि माले मोकळी करा."

मोकळी म्हणजे काय? रुपा, मोकळी म्हणजे काय?

मी बाई आहे. मला कळतं ते. दोन पत्रं लिहून मीच मागितलं होतं, भाग्येशला पाठव, भाग्येशला पाठव. आता तू पाठवते आहेस आणि मीच उलटं सांगते. नको पाठवू. ऐकलंस का, नको पाठवू. कानबाई गेली उडत. (देवी क्षमा करो.) तो तुझ्यापाशीच राहू दे, तो तुझ्यापाशी असेल तोवर तू उठशील, आंघोळ करशील, चूल पेटवशील.

प्रमिलाबाईंना सांगितलं आहे, तुला क्षणभर एकटी ठेवायची नाही. नवापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडे न्यायला सांगितलं आहे. जा. माझ्यावर राग धर, पण जा.

माणूस मुठीनं मरत नसतं, रुपा. सव्वा मूठ गव्हानं काय होतंय. मी तेव्हा दुःखात बोलले. विसर ते.

एक घास खा. आजच.

आई


२७ जुलै २०२५

रुपा,

वीरसिंग आला. पत्र तू त्याच्यासमोरच उभ्यानं वाचलंस म्हणाला. मग त्याला निरोप दिलास, "आईनी देखेल शे. आई खोटं बोलत नही."

तेव्हापासून तेवढंच डोक्यात आहे. मी म्हटलं विसर, तर तू मलाच पुरावा केलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता ती जीभ माझी मलाच परत घेता येत नाही. म्हणून सगळं लिहिते. हे वाचून झालं की तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखव. लपवायचं नाही आता काही.

भूपेंद्र गेला त्या वर्षीच्या श्रावणातला शनिवार आठव. तू मापट्यात तीन मुठी टाकल्यास. नाना, भूपेंद्र, भाग्येश. तिन्ही नावं स्वच्छ घेतलीस, मी कानांनी ऐकली. मग तू कळशी घेऊन पाण्याला गेलीस.

तेव्हा आपल्या रंजिताचा बाळ दीड महिन्याचा होता, शहाद्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत. तुझ्या नणंदेला बारा वर्षांनी झालेलं मूल. सकाळीच तिचा फोन आला होता, डॉक्टर काही सांगत नाहीत म्हणून. मी दाराकडं पाहिलं, कोणी नव्हतं, आणि चौथी मूठ टाकली. त्याच्या नावाची. लेकीचा मुलगा म्हणजे दुसऱ्या घरचा. आपल्या देवीपुढं त्याची मूठ टाकणं म्हणजे देवीला फसवणं आणि भाऊबंदांनाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांना हा नियम सांगत आले. पण लेक रडत होती, मी टाकली.

तू परत आलीस. त्या जुन्या मापट्याची तुला सवय, तुझ्या तीन मुठी मधल्या कड्याशी येतात. गहू वर गेलेले दिसले. तुला वाटलं, मोजण्यात चूक झाली. एक मूठ काढून पोत्यात परत टाकलीस. मी चुलीपाशी बसून पाहत होते. तोंड उघडलं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती. गप्प बसले.

तू जादाची मूठ काढलीस. भूपेंद्रची नाही. त्याची मूठ तिथंच होती, तिचा रोट झाला, तू केलास आणि त्यानं तुझ्यासमोर बसून दुधाबरोबर खाल्ला.

अजून आहे. तेराव्याला मी असं का बोलले ते.

सगळे भाऊबंद ओट्यावर होते. आबांनी सुपारी कातरता कातरता नानांना विचारलं, "मगन, त्या मोटरनी वायर कोन जोडेल व्हती?" आणि नानांचं तोंड पांढरं पडलं. पपईच्या मळ्यातली ती वायर नानांनी जोडली होती. महिनाभर उघडी होती. भूपेंद्र म्हणायचा बदलून टाकू, नाना म्हणायचे एवढा तोडा निघू दे, मग पाहू. दिवाळीच्या तोंडावर भूपेंद्र ओल्या पायांनी मोटर चालू करायला गेला. बाकी तुला माहीत आहे. वायरचं मात्र फक्त मला आणि नानांना माहीत होतं.

मला वाटलं, आता हा माणूस ओट्यावरच जातो. एक गेला, दुसराही जाईल. हाताला जे पहिलं लागलं ते मी फेकलं. "हिनी मन्हा आंडोरनी मूठ काढी टाकी. मी मन्हा डोयाघाई देखं." भूपेंद्रची मूठ तू काढलीस म्हटल्यावर सगळ्यांच्या माना तुझ्याकडं वळल्या. वायर सगळे विसरले. तू मान खाली घातलीस आणि बायका म्हणाल्या, बघा, कबूल झाली.

मी नवऱ्याला वाचवायला तुला पुढं ढकललं. दोन महिन्यांनी नानांना झटका आलाच. वाचवलं म्हणते ते असं.

तुझं काही चुकलं नव्हतं. देवीशप्पथ, भूपेंद्रशप्पथ. आता तरी जेव.

दगूबाई


३१ जुलै २०२५
खांडबारा

ती. आईंस,

पुरणयंत्राची बारीक जाळी धान्याच्या कोठीमागे खिळ्याला आहे. तिथं उंदीर जात नाहीत म्हणून ठेवली होती.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझ्या आईला वाचून दाखवलं नाही. तुम्ही लिहिता की मला वाटलं मोजण्यात चूक झाली. तसं नाही. मला माहीत होतं.

कळशी भरून मी लगेच आले होते. दाराबाहेर चप्पल काढत होते, तेव्हा तुम्ही रंजिताताईंच्या बाळाचं नाव घेतलेलं ऐकलं. त्याचं बारसंही झालं नव्हतं, तुम्ही 'रंजीना बाळ' असं म्हणालात. मी थांबले. तुम्ही चुलीकडे वळलात, मग आत आले. मापट्यात डोकावून आश्चर्य वाटल्यासारखं केलं. ते नाटक होतं.

त्या वर्षी आषाढात माझं तिसऱ्या महिन्यातलं मूल पोटातच गेलं होतं. तुम्ही म्हणालात, होतं असं, उठ आता. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात होते. माझ्या त्या बाळासाठी कोणी काही मोडलं नाही. ताईंच्या बाळासाठी तुम्ही देवीचा नियम मोडलात. मला फार राग आला आई. मूठ भरून पोत्यात टाकताना मी मनात म्हणाले, ज्याची आहे त्याची जाऊ दे.

दीड महिन्याच्या लेकरासाठी मी असं म्हणाले. अडीच महिन्यांनी भूपेंद्र गेले. दुसऱ्याच्या घरावर टाकलं ते माझ्या घरावर आलं. म्हणून तेराव्याला मी मान वर केली नाही. तुम्ही मूठ चुकीची सांगितलीत, पण पाप बरोबर सांगितलंत.

वायरचं आज कळलं. नानांना काही म्हणू नका. वायर उघडी असली तरी माणूस त्याच दिवशी त्याच वेळी का जातो, ते वायरला ठाऊक नसतं.

तुम्ही भाग्येशला पाठवू नको म्हणालात म्हणून आज पाठवलं नाही. पण तो झोपेत माझा हात शोधतो. मला भीती वाटते. या हातानं मी काय काढून टाकेन सांगता येत नाही. त्याला तुम्ही घेऊन जा. डॉक्टरांकडे आईनं नेलं होतं, गोळ्या दिल्या आहेत. त्या मी घेतलेल्या नाहीत.

तुमची,
रुपा


२ ऑगस्ट २०२५, शनिवार

रुपा, पोरी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचून मी ओट्यावर बसले ती दिवस कलेपर्यंत उठले नाही.

आषाढातलं तुझं ते. मी म्हणाले होते, होतं असं. माझी दोन गेली तेव्हा माझ्या सासूनं मला हेच सांगितलं होतं, तेच उचलून तुझ्यापुढं ठेवलं. त्यात माया नव्हती, नुसती घाई होती, गोठ्यात शेण पडलं होतं म्हणून. याबद्दल मी तुझ्यापुढं कधी तोंड उघडलं नाही. आज उघडते. माझं चुकलं, आणि सगळ्यात जास्त तिथं चुकलं.

आता मी सांगते ते नीट ऐक. मी सातवी शिकले आहे, तू बारावी. पण हा हिशेब बारावीचा नाही.

भूपेंद्रची मूठ मापट्यात होती. रंजीच्या बाळाची मूठ तू काढलीस, वर म्हणालीसही, ज्याची त्याची जाऊ दे. बरोबर? मग भूपेंद्र राहायला हवा होता आणि तो बाळ जायला हवा होता. तो बाळ काल मावळतीला रंजिताबरोबर इथं आला आहे. दोन वर्षांचा झाला. आल्या आल्या नानांची काठी पळवली, सुगंधाबाईंच्या मांजरीचं शेपूट ओढलं आणि बोचकारून घेतलं. तू त्याला एवढं म्हणालीस, त्याला साधं पडसंसुद्धा झालं नाही.

मूठ होती तो गेला. मूठ नव्हती तो आहे.

म्हणजे तुझा शाप फुकट गेला आणि माझा नवसही फुकट गेला. हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवावं लागलं. चाळीस श्रावण मी नावं घेऊन मुठी टाकल्या. दाणा सांडू नये म्हणून श्वास धरून टाकायचे. त्यांनी कोणाचं काय राखलं, मला आज सांगता येत नाही. त्याचा विचार करायला लागले तर मी खाटेवर पडेन नानांशेजारी, आणि मला आत्ता पडून चालणार नाही.

काल मावळतीलाच आबांना आणि भाऊबंदांना घरी बोलावलं. रंजितासमोर सगळं सांगितलं. चौथी मूठ, तेरावा, वायर. तुझ्या पत्रातलं काही सांगितलं नाही, ते तुझं आहे. सांगताना वाटत होतं की मध्येच कोणीतरी थांबवेल. कोणी थांबवलं नाही. आबा म्हणाले, "मगननी बाईनी देवीले फसाडं." नाना खाटेवरून काहीतरी बोलायला धडपडत होते. रंजितानं कान तोंडाशी नेला. दोन-तीनदा बोलल्यावर कळलं. "वायर मन्ही. सूननी नही काही." डाव्या हातानं खाटेच्या माचव्यावर मारत होते. वीस महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस ते बोलला.

आज सकाळी आबा नारळ घेऊन गेले. टोपलीत लाल कापड घालून नेला. माझ्या सासूच्या सासूपासून या कोनाड्यात होता. रडले, खोटं कशाला सांगू. खापर, काथवट, पुरणयंत्र, सगळं धुऊन पुसून मांडलेलं आहे आणि आज घरात मूठभरही गहू मोजायचे नाहीत. गल्लीत सगळ्यांच्या घरी जाती फिरतायत, इथपर्यंत ऐकू येतंय.

रंजिता नानांपाशी राहणार आहे. मला वाटलं होतं तिच्या बाळासाठी मी मूठ टाकली याचं तिला बरं वाटेल. उलट ती चिडली. म्हणाली, "आई, वहिनीकडं जायचं सोडून तू अजून इथं काय बसली शे?"

म्हणून उद्या येते. कानबाईच्या रविवारी घर सोडून गेलेली बाई या गल्लीनं पाहिलेली नाही, आता पाहतील. सकाळची एसटी धरून नंदुरबार, तिथून रेल्वे. हातात काही आणत नाही. भाग्येशला न्यायला येत नाही, त्याची पिशवी सोड आणि कपडे फळीवर ठेव. मी तुझ्यापाशी राहायला येते आहे. आठ दिवस, महिना, किती ते तुझ्या डॉक्टरनं सांगावं. त्या गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या.

तुझ्या हाताची तुला भीती वाटते म्हणतेस. तर तू हात मांडीवर ठेवून बस. मी भाग्येशला भरवेन आणि तुला भरवेन. डावा खांदा माझा चांगला आहे, डाव्या हातानं भरवेन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. जेव्हा भीती जाईल तेव्हा जाईल. मला माफ करायचं की नाही ते मागाहून ठरव, न केलंस तरी मी तुझ्या ताटापासून उठणार नाही.

आता एकच मागते. पहिल्या दोन पत्रांतलं सगळं मागणं रद्द समज. वीरसिंगला आज मुद्दाम पाठवते आहे, म्हणजे आज संध्याकाळी तुझ्या हातात हे पत्र असेल. उद्या सकाळपर्यंत भाग्येशच्या शेजारी झोप. त्यानं हात शोधला तर द्यायचा. उद्या मी आले की प्रमिलाबाईंना पुढं करू नको, त्यांच्या तोंडाकडं बघून मला काही कळणार नाही.

दार तू उघड.

आई